भोये भाऊसाहेबांचा वीस रुपयांचा पोकर

माणसाची खरी उंची त्याने काय मिळवलं यावरून ठरत नाही, हातात असूनही काय सोडून दिलं यावरून ठरते. हे वाक्य मी आजवर चार निरोप समारंभांत आणि एका शोकसभेत ऐकलं आहे. पाचही वेळा ज्याच्याविषयी ते म्हटलं गेलं, त्याने आयुष्यात काही सोडल्याचं निदान माझ्या ऐकिवात नव्हतं. हातात असलेलं खरोखर सोडून देणारा माणूस मी एकच पाहिला, लक्ष्मण भोये. एप्रिल महिन्यातल्या एका रविवारी भर दुपारी त्यांनी माझ्यादेखत दोन बादशहा सोडून दिले आणि त्याबद्दल त्यांना एकतीस रुपये मिळाले.

मोखाडा तालुक्यातल्या एका सरकारी कचेरीत मी शिक्षणाच्या कामावर बदलून गेलो, तेव्हा माझ्या शेजारचं टेबल भोयांचं होतं. त्या टेबलाला टंचाईचं टेबल म्हणत. फेब्रुवारी संपता संपता डोंगरावरच्या विहिरी तळाला जात आणि मग कोणत्या पाड्याला टँकरच्या किती खेपा जायच्या, हे भोये ठरवत. वरचे साहेब त्यावर सही करत. सही करताना ते फार गंभीर दिसत, पण कागद वाचताना मी त्यांना पाहिलेलं नाही.

भोयांना सगळे भाऊसाहेब म्हणत. किडकिडीत बांधा, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. त्यातलं एक चालत नसे. ते मागणाऱ्यांसाठी होतं. पेन मागणारा दोन रेघोट्या ओढून बघे, झटके देई आणि कंटाळून परत करी. पेन हमखास परत येतं, एवढाच त्यांचा हेतू होता. कोणी धावत येऊन टेबलावर हात आपटला, की ते मान वर न करता म्हणत, "घाई कोणाला आहे ते आधी बघू." घाई बहुतेक वेळा आपटणाऱ्यालाच असे. त्याला बसायला सांगून पाणी दिलं, की निम्मी उतरे.

रविवारी ते खोडाळ्याच्या रस्त्यावर आंब्याच्या सावलीतल्या एका मोरीच्या कठड्यावर बसलेले असत. तिथे मोबाइलला पूर्ण रेंज येई. मी एकदा मोटारसायकलवरून जाताना थांबलो.

"भाऊसाहेब, रविवारीसुद्धा टँकर?"

"टँकर चालूच आहेत. बसा साहेब. पण पाच मिनिटं बोलू नका."

मी बसलो. मोबाइलच्या पडद्यावर हिरवं टेबल होतं आणि त्याभोवती नऊ नावं. पाच मिनिटांनी त्यांनी सुस्कारा सोडला. "गेलं. चारशे बारावा."

भिवंडीच्या गोदामात कामाला गेलेल्या भाच्याने त्यांना पोकर शिकवला होता. दर रविवारी बाराला वीस रुपयांची एक स्पर्धा असे. हजारभर माणसं उतरत. प्रत्येकाला सारख्याच चिप्स, म्हणजे डावावर लावायच्या सोंगट्या, मिळत; ज्याच्या संपल्या तो बाहेर. बाहेर जाता जाता शे-दीडशे जण उरले, की तिथून पुढे सगळ्यांना काही ना काही बक्षीस. भाऊसाहेब त्याला 'रेषा' म्हणत. शेवटी एकच जण उरे, तो पहिला.

भाऊसाहेबांना पहिलं यायचं होतं. एकदाच. हे ते अगदी सहज सांगत, एखाद्याने घराला रंग काढायचा आहे असं सांगावं तसं. अडचण एकच होती. त्यांच्या बायकोने, कमलवहिनींनी, या प्रकाराला पाचशे रुपये मंजूर केले होते, तेही एकदाच. वहिनी अंगणवाडीसेविका. नाही म्हणायचा सराव त्यांना भाऊसाहेबांपेक्षा जास्त.

"पाचशे संपले की खेळ संपला," त्या माझ्यासमोरच म्हणाल्या. "परत टाकायचे नाहीत. आणि मला सांगा सर, पत्ते कुठायत? माणसं कुठायत? एकटा माणूस मोरीवर बसून हरतो, हा कुठला जुगार?"

"कमल, हा हिशेबाचा खेळ आहे."

"मग गेल्या रविवारी हिशेब चुकला का?"

"हिशेब बरोबर होता. पत्ता चुकीचा आला."

"हां. आमच्याकडे पण तसंच. वजनकाटा बरोबर असतो, पोरगंच हलकं भरतं."

त्या पाचशेंवर भाऊसाहेब तिसरं वर्ष खेळत होते. कधी शिल्लक सत्तरवर येई, कधी सहाशेवर जाई. ती संपायच्या आत पहिलं यायचं, अशी ती शर्यत होती.

त्यांच्या खेळाची रीत पूर्णपणे टंचाईच्या टेबलावरून आलेली होती. पोकरमध्ये पत्ते खेळा किंवा खेळू नका, दर फेरीला ठरावीक चिप्स भराव्या लागतात आणि दर काही मिनिटांनी हा भरणा वाढतो. भाऊसाहेब आपल्या चिप्सना एका फेरीच्या खर्चाने भागत आणि म्हणत, "बारा फेऱ्यांचं पाणी आहे." बारा म्हणजे ठीक. आठ म्हणजे कडक उन्हाळा. पाचच्या खाली गेलं, की मिळेल त्या बऱ्या पत्त्यावर सगळं लावून मोकळं व्हायचं. खेळाची पुस्तकं वाचलेल्या माणसाने मला पुढे सांगितलं, की जगभरचे खेळाडू साधारण असाच भागाकार करतात. भाऊसाहेबांनी तो सूर्यमाळच्या विहिरीवरून काढला होता.

समोरच्याला ओळखायची त्यांची पद्धत मात्र खास त्यांची. एकदा कचेरीत त्यांनी माझ्यापुढे टँकरच्या मागणीची दोन पत्रं ठेवली. एका पत्रात भीषण, तीव्र आणि हाहाकार हे शब्द पहिल्या तीन ओळींत येऊन गेले होते. खाली सात सह्या आणि चार प्रती वेगवेगळ्या नेत्यांना. दुसऱ्यात लिहिलं होतं, 'विहीर आटली. टँकर पाठवा.' खाली अंगठा.

"पाणी कुठे नाहीये?" त्यांनी विचारलं.

मी अंगठ्यावर बोट ठेवलं.

"बरोबर. हाहाकार लिहायला चार माणसं बसली, चहा झाला, चर्चा झाली. चहाला पाणी होतं. इथेही तेच. समोरचा एकदम सगळ्या चिप्स पुढे ढकलतो, म्हणजे आपण जावं अशी त्याची इच्छा. आणि ज्याच्याकडे खरंच आहे, तो थोडंसंच पुढे करतो. आपण थांबावं म्हणून."

कचेरीतल्या छापील तक्त्यांचे रद्द झालेले कागद त्यांनी यासाठी वापरात आणले होते. त्यावर गाव, लोकसंख्या, मागणी आणि मंजूर असे रकाने असत. गावाच्या जागी ते समोरच्या खेळाडूचं नाव लिहीत, लोकसंख्येत त्याच्या चिप्स, मागणीत त्याने काय लावलं, आणि मंजूरमध्ये आपण काय केलं. मंजूरचा रकाना बहुतेक मोकळाच असे.

हीच त्यांची खोड होती, आणि ती मला त्या दोन बादशहांच्या रविवारी कळली. पोकर न खेळणाऱ्यांसाठी सांगतो, हातात फक्त दोनच पत्ते येतात आणि ते दोन्ही बादशहा असले तर त्याहून मोठी जोडी फक्त एक्क्यांची. बक्षिसाची रेषा अवघ्या सात जणांवर आली होती. भाऊसाहेबांकडे सहा फेऱ्यांचं पाणी होतं. शेजारच्याने सगळ्या चिप्स लावल्या, यांच्या हातात दोन बादशहा, आणि यांनी पत्ते सोडून दिले.

"भाऊसाहेब! बादशहा होते!"

"दिसले मला."

"मग?"

"सात जण गेले, की आपण आत. एवढ्यासाठी टाकी कोण उघडी करतो?"

सात जण गेले. भाऊसाहेब आत आले आणि पुढच्याच फेरीत उरलेलं पाणी संपून बाहेर गेले. एकतीस रुपये. ते समाधानाने मोबाइल खिशात ठेवत होते. मला आठवतं, मी म्हटलं, "असं कधी पहिले याल?" त्यांनी खिशातला मोबाइल परत काढला आणि एकतीसचा आकडा पुन्हा एकदा बघितला.

त्याच महिन्यात जव्हारला कचेऱ्यांतल्या लोकांसाठी निर्णयक्षमतेचं एक दिवसाचं प्रशिक्षण झालं. पुण्याहून आलेले व्याख्याते कोट घालून होते. एप्रिलच्या उन्हात कोट घालण्याचा निर्णय कोणत्या क्षमतेत मोडतो, असा विचार करत मी मागे बसलो होतो. त्यांनी फळ्यावर लिहिलं: गावं तीन, टँकर एक. मग विचारलं, "अशा काल्पनिक परिस्थितीत आपण काय कराल?"

भाऊसाहेबांचा मोबाइल कानाला होता. त्यांनी तो जरा बाजूला केला. "सर, उत्तर लिहून देऊ, का आत्ता फोनवर करतोय ते सांगू?"

सगळे हसले. व्याख्यातेही हसले, कारण हसण्यावर त्यांचा पुढचा भाग होता. मग ते म्हणाले, "लक्षात ठेवा, ज्याचा निकाल चांगला, तो निर्णय चांगला."

"नाही सर," भाऊसाहेब म्हणाले. "निर्णय आपण घेतो. निकाल पडतो. चुकीच्या निर्णयानंतरसुद्धा पाऊस पडतो की. म्हणून निर्णय बरोबर होत नाही. आपण वाचतो एवढंच."

"वा! हे कुठे वाचलंत आपण?"

"वाचलं नाही. रविवारी हरताना लक्षात आलं."

त्यांची खोड मोडली ती सूर्यमाळकडच्या एका पाड्यावरच्या म्हातारीने. मला तिथल्या शाळेत जायचं होतं, भाऊसाहेबांना विहीर बघायची होती, म्हणून आम्ही एकाच जीपने गेलो. टँकरने विहिरीत पाणी सोडलं आणि बायांनी ते अर्ध्या तासात उपसून संपवलं. अगदी तळाचा गाळ दिसेपर्यंत. शेवटचा हंडा एका म्हातारीचा होता.

"आजी, थोडं उद्याला राहू द्यायचं की," भाऊसाहेब म्हणाले.

म्हातारीने त्यांच्याकडे असं बघितलं, की सरकारी नोकर आहे म्हणून माफ करते. "उद्याला? खालच्या पाड्याच्या बाया पहाटेस येती, त्यांना मी काय सांगू, भाऊसाहेबानं ठेवला तो पाणी नेऊ नका? विहिरीतला पाणी माझा नाय रं बाबा. हंड्यातला तो माझा."

परतीच्या वाटेवर जीप खोडाळ्याला थांबली. तिथे चहाला उतरलो, तेव्हा म्हणाले, "साहेब, मी तीन वर्षं विहिरीत ठेवत होतो."

"काय?"

"चिप्स. मी पत्ते टाकतो, राखतो, राखतो असं मला वाटतं. पण दर फेरीला भरणा जातोय. मी राखलेलं शेजारी नेतोय. रेषा जवळ आली, की माझ्यासारखे सगळेच झाकून बसतात. मग तेव्हाच भरून घ्यायला पाहिजे. तेव्हा कोणी भांडणार नाही."

त्यांनी जे शोधलं होतं, त्याला त्या खेळात पूर्वीपासून नाव आहे आणि त्यावर जाड पुस्तकं आहेत. पण ती लिहिणाऱ्यांना म्हातारी भेटली नसावी, नाहीतर जाडी कमी झाली असती. पुढच्या रविवारपासून भाऊसाहेबांचा खेळ पालटला. रेषा वीसेक जणांवर आली, की हा सावध माणूस दर दुसऱ्या हाताला चिप्स पुढे करू लागला. समोरचे पत्ते टाकून देत. "बघा," ते मला मोरीवर दाखवत, "हा पुण्याचा. यानेही टाकले. त्याला त्याचे एकतीस रुपये दिसतायत." पहिल्या रविवारी ते चाळिसावे आले, नंतर एकदा सतरावे. मधल्या दोन रविवारी रेषेच्या आधीच बाहेर गेले, पण त्याचं त्यांना काही वाटलं नाही. मंजूरचा रकाना भरू लागला होता.

आणि मग मेचा शेवटचा रविवार. मी थर्मासमध्ये चहा घेऊन मोरीवर पोचलो, तेव्हा भाऊसाहेब कठड्यावर ताठ बसले होते. एवढे ताठ ते सहसा बसत नसत.

"किती उरले?"

"तीन."

"तीनशे?"

"तीन. मी धरून."

मी पडद्यात डोकावलो. तिघांत सगळ्यांत जास्त चिप्स भाऊसाहेबांकडे होत्या. उरलेल्या दोघांच्या मिळून होतील जवळपास तेवढ्या. चहा ओतायचं मला सुचलं नाही.

तेवढ्यात फोन वाजला. गणपतचा. गणपत टँकरचा ड्रायव्हर, आणि रविवारी तो उगाच फोन करत नसे. भाऊसाहेबांचा मोबाइल जुना होता. बोलणं सुरू झालं, की इंटरनेट बंद पडे, आणि इंटरनेट बंद पडलं, की खेळात त्यांचे पत्ते आपोआप टाकले जात आणि भरणा मात्र चालूच राही. हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. फोन तीनदा वाजला. चौथ्या घंटीला त्यांनी तो उचलला.

"बोल गणपत."

पलीकडचं मला ऐकू येत होतं, कारण गणपतच्या भोवती बरेच लोक ओरडत होते. पोशेऱ्याकडून वर चढणाऱ्या रस्त्याला जिथे दोन फाटे फुटतात, तिथे दोन्ही पाड्यांची माणसं टँकरपुढे आडवी झाली होती. एकच टँकर होता, दुसरा बिघडून खाली उभा होता. दोन्ही पाड्यांची पाळी कागदावर आजच होती.

"भाऊसाहेब, ही माणसं चावी काढून घेतील आता. कुठं घालू सांगा."

"कोणाचंच ऐकू नको. मोटारसायकल आहे का कोणाची? तू स्वतः जा, दोन्ही विहिरींवर रांग बघून ये. माणसं मोजू नको. रांगेत हंडे किती आणि दगड किती, ते बघ."

"दगड?"

"जागा धरायला दगड ठेवतात ना, ते. जा. फोन चालू ठेव, बंद केलास तर परत लागायचा नाही."

तिथली रेंज तशीच होती. फोन चालू राहिला. मोटारसायकलचा आवाज, शिव्या, परत मोटारसायकलचा आवाज. भाऊसाहेब मोबाइल कानाला लावून समोरच्या डोंगराकडे बघत होते. पडद्याकडे त्यांनी एकदाही बघितलं नाही. बघण्यासारखं तिथे काही नव्हतंही. मी मात्र मनात फेऱ्या मोजत होतो.

गणपत परत आला. "खालच्या पाड्याला हंडे सहा-सात, बाकी सगळे दगडच. रांग मोठी आहे पण. वरच्याला सगळे हंडेच. बाया हंड्यापाशीच बसल्यात, उन्हात."

"वर जा."

"खालचे सोडणार नाहीत, भाऊसाहेब. म्हणतात रांग आमची मोठी."

"त्यांना विचार, तुमचे हंडे कुठायत? घरी आहेत, कारण त्यांच्यात पाणी आहे. दगड ठेवणाऱ्याला संध्याकाळपर्यंत दम निघतो. वर रिकामे हंडे आहेत. दुसरी खेप खाली, माझा शब्द. स्पीकरवर टाक, मीच सांगतो."

त्यांनी सांगितलं. पलीकडे जरा वेळ कालवा झाला, मग कोणीतरी मोठ्याने म्हणालं, "याला आमच्या घरातले हंडे कसे दिसले रं?" आणि दोन-तीन माणसं हसली. टँकर चालू झाल्याचा आवाज आला. भाऊसाहेबांनी फोन बंद केला. अकरा मिनिटं झाली होती.

खेळ परत उघडायला अर्धं मिनिट लागलं. त्यांच्या चिप्सचा जेमतेम तिसरा हिस्सा उरला होता. पण टेबलावर नावं आता दोनच होती. भाऊसाहेब बोलत असताना उरलेले दोघे एकमेकांना भिडले होते आणि एक जण बाहेर गेला होता.

"पाच फेऱ्यांचं पाणी," ते म्हणाले. आवाजात काही फरक नव्हता.

त्यांनी सगळ्या चिप्स लावल्या, समोरच्याने पत्ते टाकले. परत लावल्या, परत टाकले. तिसऱ्यांदा त्याने थांबायचं ठरवलं. भाऊसाहेबांकडे एक्का आणि दश्शी, त्याच्याकडे एक्का आणि सत्ती. मलासुद्धा कळलं, की आपण पुढे आहोत. टेबलावरचे, दोघांचे सामाईक, पाच पत्ते एकेक करून उलटले. शेवटची सत्ती होती, आणि त्याची जोडी जमली.

दुसरा क्रमांक. तीन वर्षांतला सर्वांत वरचा, आणि त्यातली एक पायरी ते फोनवर असताना चढले होते.

"फोन नसता तर पहिले आला असता," मी म्हणालो. हे म्हणायची काही गरज नव्हती.

"कदाचित." त्यांनी थर्मास माझ्या हातातून घेतला आणि दोघांचा चहा ओतला. "निर्णय बरोबर होता."

"कुठला? एक्का-दश्शीचा, का टँकरचा?"

"दोन्ही. निकाल एकाचा बरोबर पडला. पन्नास टक्के वाईट नाही, साहेब."

घरी गेल्यावर कमलवहिनींनी दोनच प्रश्न विचारले. वर पाणी पोचलं का, आणि दुसरं आल्यावर पाचशेंचं काय झालं. पाचशेंचे आता चार आकडे झाले होते. वहिनींनी आकडा दोनदा वाचला. मग म्हणाल्या, "म्हणजे आता हे संपायचंच नाही."

ते संपलं, पण वेगळ्या कारणाने. कायदा आला आणि पैसे लावून ऑनलाइन खेळायचे सगळे खेळ देशभर बंद झाले. शिल्लक बँकेत परत आली. भाऊसाहेबांनी कायद्याची प्रत मिळवून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. आमच्या कचेरीत ती वाचणारे ते एकटेच. "बरोबर आहे," ते म्हणाले. "सगळ्यांच्या बायका पाचशेवर थांबवणाऱ्या नसतात." एवढं बोलून त्यांनी टंचाईचा कागद पुढे ओढला.

माझी बदली झाली. पुढच्या उन्हाळ्यात एका रविवारी कामासाठी खोडाळ्याच्या रस्त्याने जात होतो, तर मोरीवर पांढरा शर्ट दिसला. गाडी थांबवली.

"भाऊसाहेब, आता काय? बंद झालं ना?"

"बिनपैशाचं चालू आहे साहेब. फुकट उतरायचं, बक्षीस नाही. नुसता क्रमांक." ते कठड्यावर सरकले, मला जागा केली. चेहरा प्रसन्न होता. "पण गंमत बघा. इथे कोणी पत्ते टाकतच नाही. कोणाला कसली भीतीच नाही. सगळे सगळ्यालाच मंजूर म्हणतात. जुनी रीत इथे काही कामाची नाही. मी महिनाभर अभ्यास करून नवी बसवली आहे."

"म्हणजे?"

"थांबायचंच नाही. पहिल्या बऱ्या जोडीवर सगळं लावायचं. चार-पाच जण हमखास येतात. जिंकलं, की एकदम पाचपट. मग पहिलं यायला कितीसा वेळ? बसा, बाराला सुरू होतंय. आज दाखवतोच."

त्यांनी घड्याळ बघितलं, चष्मा पुसला आणि मोबाइल आडवा धरला. आठव्या हाताला त्यांना राण्यांची जोडी आली. त्यांनी क्षणभरही न थांबता सगळ्या चिप्स पुढे केल्या. पाच जण आले.

स्पर्धा सुरू होऊन चार मिनिटं झाली होती, आणि तीन हजारांहून जास्त खेळाडूंमध्ये बाहेर पडणारे ते सहावे होते.